रोग जपणाऱ्या आपा

"पावणं, दार हळू लावा की. थर हालतोय."

आपांचं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, याची गणती नाही. पाठ दाराकडे, डोळे काचेच्या कपाटातल्या बोटभर नळीवर, उजव्या हातात पिपेट आणि डाव्या हाताची करंगळी हवेत ताठ. दारातून कोण आलंय हे त्या वळून बघत नसत. शिपाई असो, गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस असो की खुद्द संचालक असोत, सगळे पावणंच. एकदा मुंबईहून तपासणीला आलेले एक बडे अधिकारी दारातच चपापून उभे राहिले. आपांनी मान न वळवता त्यांना सांगितलं, "आलासा तर बसा. पर बोलू नकासा." ते बिचारे स्टुलावर बसले आणि खरोखरच बोलले नाहीत.

आमची प्रयोगशाळा कोल्हापुरातली, जनावरांच्या रोगांची. गावोगावचे डॉक्टर रक्त, लाळ, फोडांच्या खपल्या पाठवायचे आणि आम्ही रोगाचं नाव सांगायचो. आपा विषाणू विभागाच्या प्रमुख. मी बिद्रीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, जनावरांचा डॉक्टर होऊन त्यांच्या हाताखाली रुजू झालेला. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं गाव विचारलं आणि माझं बारसं करून टाकलं. "ए बिद्री, इकडं ये." पुढे माझं लग्न झालं, केस पिकायला लागले, तरी मी बिद्रीच राहिलो.

त्यांची धाकटी भावंडं त्यांना आपा म्हणायची, म्हणजे थोरली बहीण. ते फोनवर ऐकून आम्हीही म्हणायला लागलो. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा त्याही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलायच्या. परिषदेत इंग्रजीत निबंध वाचून खाली उतरल्या की पहिलं वाक्य, "लई घाबरलोतो बघ मी." आणि तोंडावर घाबरल्याची खूण औषधालासुद्धा नसायची.

आता हे थर म्हणजे काय, ते सांगायला हवं. विषाणू एकटा कधी सापडत नाही. काचेच्या चपट्या बाटल्यांत जिवंत पेशी वाढवायच्या, त्यांना विषाणूची लागण करायची, पेशी फुगून मरायला लागल्या की सगळं गोठवायचं, वितळवायचं, काचेच्या छोट्या खलात घोटायचं. एवढं केल्यावर जे हाती येतं तो नुसता काला. त्यात विषाणू असतो, पण पेशींचा गाळ, तुकडे आणि नको असलेलं हजार प्रकारचं सामान त्याच्याहून जास्त. आधी हळू फिरवून जड गाळ खाली बसवायचा. मग वरचं पाणी साखरेच्या दाट पाकावर अलगद ओतून जोरात फिरवायचं. हलका कचरा पाकावरच अडतो आणि विषाणू पाक भेदून तळाला जातो. तो तळाचा ठिपका पुन्हा सोडवून शेवटच्या नळीत घालायचा. त्या नळीत साखरेचे थर असतात. तळाला दाट, वर वर पातळ. एकात एक न मिसळता ते रचायचे, हीच आपांची कारागिरी. नळी पुन्हा फिरली की आमचा विषाणू आपल्या वजनाच्या थरापाशी येऊन थांबतो आणि तिथे एक पांढरट पट्टा दिसतो. दुधावर धरलेल्या पहिल्या सायीएवढा पातळ.

नळ्या गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात समोरासमोरच्या नळ्यांचं वजन तंतोतंत सारखं लागतं, नाहीतर एवढ्या वेगात यंत्र स्वतःलाच फोडून घेईल. आपांच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना वडील डोळे मिटून चाक फिरवायचे आणि आवाजावरून ओळखायचे, असं त्या सांगत. त्याही वजन करून झाल्यावर 'बिस्मिल्ला' म्हणून बटण दाबत आणि यंत्राच्या झाकणावर तळवा ठेवून उभ्या राहत. यंत्र एका सुरात घुमायला लागलं की म्हणत, "चला, च्या प्यायला मोकळं."

आणि पट्टा दिसला की आमच्याकडे एक रीत होती. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत ती मी पाहिलेली नाही. सुई टोचून पट्टा काढून घेण्याआधी आपा दिवे घालवायच्या, नळीमागे काळा कागद धरायच्या, वरून टॉर्च मारायच्या आणि सगळ्यांना हाका मारायच्या. "या, बघून घ्या. मग काढतो." ऑफिसातल्या क्लार्कबाई यायच्या, बाटल्या धुणाऱ्या मावशी यायच्या, गेटवरचा वॉचमन चपला काढून यायचा. काचेच्या कपाटापासून हातभर लांब उभं राहून सगळे बघायचे. मी एकदा म्हणालो, "आपा, हा मुलगी बघायचा कार्यक्रम झाला." त्या म्हणाल्या, "व्हय की. पर हिला नापास करणारा अजून जन्माला यायचाय."

आपांचा जीव ज्यावर होता तो विषाणू म्हणजे म्हशीची देवी. म्हशीच्या सडांवर फोड येतात, कास सुजते, धार काढताना म्हैस लाथा झाडते आणि धार काढणाऱ्याच्या बोटांवरही तेच फोड उठतात. जनावर सहसा मरत नाही, त्यामुळे मोठ्या लोकांना या रोगाचं काही वाटत नाही. पण ज्या घराचं सगळं दोन म्हशींवर चालतं, त्या घराला विचारा. शाहूवाडीकडे मलकापूरच्या पुढे एकदा साथ आली होती, तेव्हा आपा स्वतः एसटीने जाऊन खपल्या घेऊन आल्या. त्यातून त्यांनी विषाणू वेगळा केला, वाढवला, शुद्ध केला, कुप्यांत भरून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवला. त्याच्या मागे इतकी वर्षं त्या लागल्या की शेजारचे विभाग चेष्टा करायचे, ही बाई रोगाला जीव लावून बसलीय. आपा शांतपणे म्हणायच्या, "अरे, परत आला तर वळखणार कशावरनं? बघितल्याली वस्तू जवळ नको व्हय?"

मग महापूर आला. पाणी आमच्या इमारतीपर्यंत आलं नाही, पण वीज गेली ती गेलीच. जनरेटरचं डिझेल संपलं, रस्ते बंद, फ्रीझर बंद. आपा कमरेएवढ्या पाण्यातून, कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आल्या, तोवर कुप्यांचं पाणी झालं होतं. एकेक कुपी उजेडात धरून बघत होत्या. रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बिद्री, जरा बस माझ्याजवळ." त्या दिवसापर्यंत त्यांनी मला उभं राहायलाच सांगितलं होतं, बसायला कधी सांगितलं नव्हतं.

काही कुप्यांत जीव शिल्लक होता, पण अगदी क्षीण. त्या जपत जपत वर्षं गेली आणि एक दिवस हुकूम आला. आमची प्रयोगशाळा मोठ्या केंद्रात विलीन होणार, इमारत रिकामी करायची, आणि नव्या जागी जिवंत विषाणूंचे जुने साठे नेता येणार नाहीत. ते वाफेच्या यंत्रात घालून मारायचे. एकच वाट होती. उत्तरेत एका मोठ्या संस्थेत देशभरातल्या जनावरांच्या विषाणूंचा संग्रह आहे. तिथे आमची देवी ठेवून घेतील, पण माल शुद्ध हवा, दाट हवा आणि जिवंत हवा. आमच्याकडे होता तो पातळ, गाळाने भरलेला आणि अर्धमेला. तो वाढवून, शुद्ध करून, थेंबभरात आणून पाठवायचा, तोही दाराला कुलूप लागायच्या आत. नाही जमलं तर आपांनी आपल्या हाताने त्याला वाफेत घालायचं.

त्या महिन्यांत आपा मला वेगळ्याच दिसल्या. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. पेशी कशाबशा वाढवल्या, लागण केली, काला तयार झाला. त्याचे दोन भाग करून एक फ्रीझरमध्ये ठेवला. हाती होतं ते एवढंच. पेशी पुन्हा वाढवायला लागणारं सामान आता कुणी मागवून देणार नव्हतं. बंद होणाऱ्या दुकानाला कोण माल देतो?

आणि ऐन वेळी कळलं, साखर संपलीय. आम्हाला लागते ती रसायनांच्या बाटलीत येणारी शुद्ध साखर. मागणी केली तर वरून उत्तर आलं, नवीन खरेदी बंद.

आपा उसळल्या. "साखरंच्या जिल्ह्यात साखरंवाचून काम अडलं म्हणून सांगू व्हय लोकांस्नी? चारी बाजूंनी धुराडी हायत!" दुसऱ्या दिवशी घरून डबा घेऊन आल्या. त्यांच्या मिस्टरांना कारखान्याचे सभासद म्हणून मिळालेली, पांढरी, टपोऱ्या दाण्याची. मी म्हणालो, "आपा, ही च्याची साखर हाय." त्या म्हणाल्या, "साखर ती साखर. गाळून घेऊ." तुम्ही कोल्हापूरचे असाल तर तुम्हाला हे पटेल. आपल्या उसावर, आपल्या साखरेवर शंका घेणं इथे कुणाला सुचतच नाही, मग तो माणूस कितीही शिकलेला असो.

चहात ती साखर कशी दिसते ते तुम्हाला ठाऊक आहे. पण पाकाची दाट नळी काळ्या कागदासमोर धरली की पिवळसर झाक दिसते आणि टॉर्चच्या उजेडात सगळी नळी धुरकट होते. यंत्र फिरून थांबलं. दिवे घालवले. लोक जमले. आपांनी टॉर्च मारला. नळीभर नुसतं धुकं. पट्टा होता की नव्हता, कुठल्या उंचीवर होता, काही कळेना. आपांनी टॉर्च डावीकडून मारला, उजवीकडून मारला. मावशी हळूच म्हणाल्या, "आपा, न्हाय दिसत काय." लोक एकेक करून निघून गेले. अंदाजाने सुई टोचून जे काढलं, त्यात तपासल्यावर कामाचं काही निघालं नाही. अर्धा माल गेला. साखरेचा दोष नव्हता, ती बिचारी चहासाठी जन्मली होती.

संध्याकाळी जाताना आपा मला म्हणाल्या, "लई मिजास केली मी." एवढंच. एवढ्या मोठ्या बाईला इतकं लहान झालेलं बघणं मला सोसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या स्कूटरजवळच उभ्या. "चल बिद्री, कारखान्याला जाऊ." मला वाटलं, डोकं फिरलं. पुन्हा तीच साखर? जिल्ह्यातल्याच एका कारखान्यावर गेलो. हंगाम जोरात होता, बैलगाड्या, ट्रॅक्टर, मळीचा वास. आपा तडक कारखान्याच्या प्रयोगशाळेत. तिथले केमिस्ट उठून उभे राहिले.

"पावणं, साखर पायजे."

त्यांनी खिडकीतून गोदाम दाखवलं. तिथे पोत्यांचे डोंगर होते. "किती पोती?"

"ती न्हाय ओ. बाटलीतली."

केमिस्टांना काही उमगेना. मग आपांनी समजावलं. उसाच्या रसात साखर किती आहे हे मोजायचं यंत्र प्रत्येक कारखान्यात असतं. ते बरोबर दाखवतं का, हे पडताळायला त्यांना अगदी शुद्ध साखर जवळ ठेवावी लागते. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपांना हे आठवलं होतं. केमिस्ट हसायला लागले. कपाटातून त्यांनी एक बाटली काढली. "बाई, एवढी पोती सोडून आमच्या मुळावरच आलासा की." अर्धी त्यांनी ठेवून घेतली, अर्धी आम्हाला दिली. येताना आपा स्कूटरवर मागे बसून बाटली ओढणीत गुंडाळून पोटाशी धरून होत्या आणि मला दर खड्ड्याला शिव्या घालत होत्या.

त्या दिवशीचं थर रचणं मी अजून विसरलो नाही. पंखा बंद, दाराबाहेर मावशी पहाऱ्याला. आपांच्या हाताखालून एकेक थर नळीच्या कडेने असा उतरत होता की पाणी उतरतंय हेही कळू नये. यंत्र सुरू झालं, त्यांनी झाकणावर तळवा ठेवला, पण या वेळी 'च्या प्यायला मोकळं' म्हणाल्या नाहीत. यंत्र थांबेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

पट्टा आला. नळीच्या मध्याच्या जरा खाली, स्वच्छ, सरळ, निळसर पांढरा. क्लार्कबाईंनी तर हातच जोडले. आपा बघतच राहिल्या. सुई हातात घेतली आणि परत ठेवली. "थांब जरा. एवढ्यात नको काढाय." मी म्हणालो, "आपा, थर पसरतील." "व्हय रे बाबा, ठाऊक हाय मला." आणि तरी त्या थांबल्या. त्या क्षणी आम्हाला सगळ्यांनाच कळत होतं की या खोलीत असा पट्टा पुन्हा दिसणार नाही.

माल कोरड्या बर्फात बसवून उत्तरेला गेला. आम्ही इकडे खोकी भरत होतो तेव्हा फोन आला. आपांनी 'हां जी, हां जी' एवढंच केलं आणि फोन ठेवून स्टुलावर बसल्या. "घेतली म्हणं. चांगली जिवंत हाय म्हणं." मग डोळ्याला ओढणी लावून मनसोक्त रडल्या. महापुरात राहिलेलं रडणंही त्यातच उरकलं असावं. उरलेल्या कुप्या नियमाप्रमाणे त्यांनी स्वतः वाफेच्या यंत्रात घातल्या आणि हात धुऊन आमच्यासोबत भजी खाल्ली.

निवृत्त झाल्यावर त्या कसबा बावड्याला नव्या घरात राहायला गेल्या. मी अधूनमधून जायचो. "काय म्हणती आमची पोरगी?" म्हणून विषाणूची चौकशी करायच्या, जसं काही लेक उत्तरेत दिली होती. मग एका हिवाळ्यात त्यांचं हृदय थांबलं. झोपेतच गेल्या. मला कळलं तेव्हा माती देऊन झाली होती.

मी आता मोठ्या केंद्रात आहे. इथे सगळं चांगलं आहे, उगाच नावं ठेवणार नाही. विषाणू शुद्ध करायला तयार गाळण्या आहेत, पंप आहे, एका बाजूने काला घालायचा आणि दुसऱ्या बाजूने दाट माल काढायचा. थर नाहीत, पट्टा नाही, त्यामुळे कुणाला बोलवायचंही नाही. दार दणकन आपटतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. माझंच बिघडतं. दार आपटलं की मी कामातून मान वर करतो, कुणीतरी ओरडेल म्हणून. ओरडत कुणी नाही. आपांची इतकी आठवण येते की एखाद्या दिवशी इथल्या नळ्या फिरवणाऱ्या यंत्राच्या गार झाकणावर मीच तळवा ठेवून उभा राहतो. शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारते, "सर, काही बिघडलंय का?" मी म्हणतो, नाही. उत्तरेतल्या त्या संग्रहाकडे अर्ज केला की आमच्या देवीची कुपी येते. मी मागवली, आली, वाढवली. इतकी वर्षं जपलेला रोग सुखरूप आहे आणि जपणारी बाई नाही, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

गेल्या थंडीत मलकापूरच्या वरच्या अंगाच्या एका वस्तीवरून खपल्या आल्या. म्हशींच्या सडांवर फोड, धार काढणाऱ्या बाईच्या बोटांवर फोड. आपांच्या विषाणूशी ताडून बघितलं आणि त्याच दिवशी रोगाचं नाव सांगता आलं. आजारी म्हशी वेगळ्या बांधायला लावल्या, साथ शेजारच्या वाड्यांत गेली नाही. दोन आठवड्यांनी मी बघायला गेलो. बाईच्या बोटांच्या खपल्या गळून गेल्या होत्या. मी कधी न पाहिलेली बाई, पण बोलायला मोकळी.

"माझ्या सासूच्या येळंला आलतं हे असं. तवा लई दिस कुणाला कळंनाच काय झालंय. आता कसं ओ एवढ्या बेगी वळखलंसा?"

"मी न्हाय वळखलं," मी म्हणालो. "आमच्या एक आपा हायत. त्यांनी वळखलं."

तिने गोठ्यातूनच चुलीकडे बघून चहाचं आधण वाढवायला सांगितलं आणि हात पदराला पुसत म्हणाली, "मग त्यास्नी का न्हाय आणलंसा? घिऊन या की एकदा. म्हशी बघतील, जेवून जातील."

मी व्हय म्हणालो. सांगतो म्हणालो त्यांना.